हेही पाहा

मे महिन्यातला शनिवार होता. परीक्षा उरकल्या होत्या, वाचनकक्ष रिकामा होता, एकच पंखा चालू होता. आमचं कॉलेज माणदेशात, तालुक्याच्या गावी. उन्हाळ्यात दुपारी दोन ते चार इथं रस्त्यावर माणूस दिसत नाही. ती मात्र एसटीनं आली. आमचीच माजी विद्यार्थिनी. आता दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते आणि 1972 च्या दुष्काळातल्या सरकारी कामांवर पीएच.डी. करते. तिनं फोन चार्जिंगला लावला, माठातलं पाणी प्यायली आणि काउंटरसमोरच्या बाकावर बसली.

मी सत्तावीस वर्षं ग्रंथपाल आहे. फोनवर संशोधन होत नाही, असं मी अनेकांना आणि अनेकदा ऐकवलेलं आहे. त्या दुपारी तिनं मला जे ऐकवलं ते लिहून काढतोय.

"सर, फॅमिन टाकून बघितलं," ती म्हणाली. "महाराष्ट्र, 1972, फॅमिन, रिलीफ. अभ्यासकांचे लेख येतात. सरकारी कागद येत नाहीत. अहवाल नाहीत, मॅन्युअल नाही. ब्रिटिशांच्या काळातलं ढीगभर सापडतं आणि साठच्या दशकात एकदम तुटतं."

"कुठं कुठं बघितलंस?"

"गूगल स्कॉलर, विद्यापीठाचा ओपॅक म्हणजे ऑनलाइन कॅटलॉग, शोधगंगा."

"फोनवर?"

"फोनवरच. एसटीत."

"मग तिथंच चुकतंय तुझं. अगं, तळहाताएवढ्या पडद्यावर चार ओळी दिसतात. वरचे पाच निकाल बघायचे, सहाव्याला अंगठा दमतो. याला शोध म्हणत नाहीत."

ती चिडली नाही. तिनं हिशेब मांडला. सकाळी एका कॉलेजात दोन तास, दुपारी दुसऱ्या कॉलेजात दोन. मधला रस्ता दीड तासाचा, जाऊन-येऊन तीन. घरी लॅपटॉप आहे, पण तो धाकट्या भावाच्या अभ्यासाला. विद्यापीठ लांब, पुण्याची गोखले संस्था आणखी लांब. "तिथल्या ग्रंथालयात मला हवं ते सगळं असेल, सर. पण पुण्याला एक दिवस गेले की त्या दिवसाचे तास बुडतात. आम्हाला तासावर पैसे मिळतात, रजा नसते. एसटीतले ते तीन तास हीच माझी अभ्यासाची वेळ. आणि एसटीत हातात फोनच असतो."

यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही. पण माझा आक्षेप मागे घेण्याइतकाही मी हललो नव्हतो.

"तुझी अडचण मला कळते," मी म्हणालो. "तरी अडचण आहे म्हणून पद्धत बरोबर ठरत नाही. रॅकसमोर उभी राहिलीस की हवं ते पुस्तक काढताना शेजारची दोन दिसतात. ती तू मागितलेली नसतात. फोन फक्त मागितलेलं देतो."

"रॅकवर जे आहे तेवढंच शेजारी दिसतं, सर. आपल्या रॅकवर माझ्या विषयाची किती पुस्तकं आहेत?"

"आहेत की. सुब्रमण्यन यांचं 'पार्च्ड अर्थ' आहे. 1975 सालचं. तो दुष्काळ हाताळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यानंच लिहिलेलं."

"ते मी इथूनच नेलं होतं. दोन वर्षांपूर्वी. त्याशिवाय?"

त्याशिवाय दोन-तीन असतील. मी गप्प बसलो आणि ती पुढं बोलत राहिली. एखाद्या लेखाचा गोषवारा वाचला की तो तिच्या कामाचा आहे की नाही हे तिला दहा मिनिटांत कळतं. तळटीपेतल्या डीओआयवर, म्हणजे लेखाच्या कायम क्रमांकावर, बोट टेकवलं की मूळ लेखाचं पान उघडतं. तिथून 'याचा संदर्भ कोणी घेतला' ते बघायचं, की पुढची वीस वर्षं समोर येतात. इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीचे जुने अंक जेस्टोरवर आहेत. सत्तरच्या दशकातल्या अंकांत रोजगार हमीवर काय वाद झाला ते तिनं असं एका लेखातून दुसऱ्या लेखात उड्या मारत शोधलं. "माझ्या मार्गदर्शकांनी त्यांच्या वेळी हेच करायला पुण्यात तीन महिने खोली घेतली होती," ती म्हणाली. "रंगनाथन तुम्हीच शिकवले होते ना आम्हाला? ग्रंथालय परिचयाच्या तासाला?"

शिकवले होते. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतो. हा सिद्धान्त फळ्यावर मी स्वतः लिहिलेला आहे.

"वेळ वाचवा म्हणजे उथळ वाचा असं नाही," मी म्हणालो.

"मी उथळ वाचते असं तुम्हाला कशावरून वाटतं?"

प्रश्न रास्त होता. मी तिचा फोन मागितला. पडद्याला कोपऱ्यात तडा गेलेला होता, पण आतली मांडणी बघून मी खरंच थबकलो. प्रकरणांनुसार फोल्डर. प्रत्येक पीडीएफच्या नावात लेखकाचं आडनाव आणि वर्ष. पाझर तलावांवरच्या एका लेखात पिवळ्या खुणा, आणि त्याखाली मराठीत टिपणं. ही टिपणं तिनं बोलून टाइप केली होती, एसटीच्या खिडकीशी बसून, कारण खड्ड्यांत बोटांनी अक्षरं लागत नाहीत. काही टिपणांत कंडक्टरचं 'तिकीट, तिकीट' हेही उमटलं होतं. ते तिनं काढलेलं नव्हतं.

तरी एका गोष्टीवर मी तिला धरलं. तिच्या गॅलरीत जुन्या सरकारी छापील कागदांचे शेकडो फोटो होते. जिल्ह्याच्या ठिकाणी एका जुन्या संग्रहात परवानगी घेऊन तिनं काढलेले. "हे पान कुठल्या खंडातलं?" मी विचारलं. तिनं सरकवत सरकवत मागं जाऊन बघितलं. सापडेना. "आणि हे?" तेही सापडेना.

"अगं, फोटो काढायच्या आधी खंडाच्या कण्याचा फोटो, मग शीर्षकपानाचा, मग दाखल क्रमांकाचा, आणि मग आतली पानं. दुसरा खंड उघडलास की पुन्हा तेच. नाहीतर या चित्रांचा प्रबंधात काय उपयोग? तळटीपेत काय लिहिणार, फोनमधला अमुकावा फोटो?"

तिनं ते लिहून घेतलं. मग स्वतःहून म्हणाली, "त्या संग्रहात पुन्हा जावं लागेल."

"जावं लागेल."

इथवर वाद माझ्या बाजूनं झुकला होता. मी शोधगंगेचा विषय काढला. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं हे भांडार. देशभरातल्या विद्यापीठांचे पाच लाखांवर प्रबंध तिथं फुकट वाचता येतात. यूजीसीनं 2009 च्या नियमांत प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं घातलं, आणि त्यामुळे एरवी विद्यापीठाच्या कपाटात धूळ खात पडले असते असे प्रबंध तालुक्याच्या गावातल्या पोरीच्या हातात आले. हे मोठं काम आहे, याबद्दल दुमत नाही. पण मराठीतल्या प्रबंधांचं काय होतं? कित्येक जुने प्रबंध म्हणजे नुसते पानांचे फोटो. कित्येक युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले. डोळ्याला मराठी दिसतं, यंत्राला इंग्रजी अक्षरांचा काला. त्यात 'नालाबांध' शोधायला गेलं तर आतल्या तीनशे पानांत तो शब्द पन्नास वेळा असला तरी निकाल शून्य.

"म्हणून मी आतला शब्द शोधतच नाही," ती म्हणाली. "विद्यापीठ, मग विभाग, मग वर्ष असं उतरत जाते आणि शीर्षकं वाचते. संदर्भसूचीचं प्रकरण आधी उघडते. फोनवर एक-एक प्रकरण सुटं उतरवता येतं, डेटा कमी लागतो. गूगल लेन्सनं पानाचा फोटो घेतला की मजकूर बराचसा उचलला जातो, मग जोडाक्षरं हातानं दुरुस्त करायची."

हे मला ठाऊक नव्हतं. मी तिला उलट एक दिलं: 1962 मध्ये शासनानं शुद्धलेखनाचे नवे नियम स्वीकारले, त्याआधीच्या छापील मराठीत 'कांहीं', 'नांव', 'गांव' असे अनुस्वार आहेत. आजच्या कीबोर्डवर 'गाव' टाइप केलं की त्यातलं बरंचसं हातातून निसटतं. जुनं शोधताना जुन्या शुद्धलेखनानंच हाक मारावी लागते. तिनं तिथल्या तिथं दोन शब्द अनुस्वार देऊन टाकून बघितले आणि हसली. काय आलं ते तिनं सांगितलं नाही, पण पडद्याचा फोटो घेतला.

मग व्हॉट्सॲपचा विषय निघाला. संशोधक विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर पीडीएफ फिरतात. कोणी मागतं, कोणी टाकतं. कुठून आली ते कोणी विचारत नाही. मला याची दोन कारणांनी काळजी वाटते. एक तर परवानगीचा प्रश्न आहे. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. फोनमध्ये उतरवलेला लेख त्या दिवशी होता तसाच राहतो. 22 मे 2020 रोजी लॅन्सेटमध्ये कोविडच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवर एक लेख आला, जगभर गाजला, त्यामुळे चाचण्या थांबल्या. 4 जूनला तो मागे घेतला गेला, कारण त्यामागची आकडेवारी तपासायलाच मिळेना. मधे तेरा दिवस. त्या तेरा दिवसांत ज्यांनी तो उतरवून पुढं ढकलला, त्यांच्या फोनमधला लेख आजही तेवढाच खरा दिसतो.

"झोटेरोत, संदर्भ सांभाळायच्या ॲपमध्ये, ठेवला तर कळतं," ती म्हणाली. "मागे घेतलेला लेख संग्रहात असेल तर ते इशारा देतं. मी ग्रुपवरची पीडीएफ सरळ वापरत नाही, आधी डीओआयवरून मूळ पान उघडते."

"आणि ते चॅटबॉट?"

"त्यावर आपलं भांडण नाही, सर."

नव्हतंच. गेल्या वर्षी एक विद्यार्थी माझ्याकडे दहा संदर्भांची यादी घेऊन आला होता. मी अर्धा दिवस घालवला. लेखकांची नावं खरी, नियतकालिकं खरी, वर्षं जुळणारी. आणि त्यातले सहा लेख कधी कुठं छापलेच गेले नव्हते. तिच्या वर्गातही हेच चालतं. ती विद्यार्थ्यांना एकच नियम सांगते: लेख स्वतः उघडून बघितल्याशिवाय त्याचं नाव लिहायचं नाही. याहून चांगला नियम मला देता आला नसता.

चार वाजत आले होते. मी उठलो आणि तिला म्हणालो, "तुझे सरकारी कागद का तुटतात ते दाखवतो, चल."

आमच्या ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत जुनं कार्ड कॅटलॉगचं कपाट आहे. सागवानी, लहान लहान खणांचं, प्रत्येक खणात कार्डं ओवलेली पितळी सळई. संगणकीकरण झालं तेव्हा ते मोडीत निघणार होतं. मी ते निघू दिलं नाही, एवढंच. मी 'एफ'चा खण ओढला. धुळीचा आणि जुन्या शाईचा वास आला. माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी टाइपरायटरवर ठोकलेलं एक पिवळं कार्ड बाहेर काढलं. इंग्रजीत दोन ओळी. वर फॅमिन. खाली, थोडं आत सरकवून: हेही पाहा, स्केअर्सिटी.

"1963 मध्ये महाराष्ट्र सरकारनं एक कायदा केला," मी तिला सांगितलं. "राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्दच वगळण्याचा कायदा. सरकारचं म्हणणं असं, की शेतीच्या परिस्थितीवर आमचं सतत लक्ष असतं, टंचाईची चिन्हं दिसली की लगेच मदतीची कामं निघतात, तेव्हा आता या राज्यात फॅमिनची वेळच येणार नाही. जिथं जिथं फॅमिन होतं तिथं स्केअर्सिटी आलं. 1972 चा दुष्काळ पडला तेव्हा सरकारदरबारी फॅमिन नावाची गोष्ट उरलीच नव्हती. कागद आहेत. तू त्यांना त्यांच्या नावानं हाक मारत नव्हतीस."

ती काही क्षण नुसती कार्डाकडे बघत राहिली. मग तिनं फोन काढला, कार्डाचा फोटो घेतला, आणि तिथंच कपाटाला टेकून टाइप केलं. विद्यापीठाच्या ओपॅकवर बॉम्बे स्केअर्सिटी मॅन्युअल आलं. त्यामागं आणखी ओळी आल्या. तिनं वर सरकवलं, अजून आल्या.

"सर," ती म्हणाली, "माझी आजी खडी फोडायला जायची. ती फॅमिनही म्हणत नाही आणि स्केअर्सिटीही नाही. बहात्तरचा दुष्काळ म्हणते. दुष्काळी काम म्हणते. सुकडी खाल्ली म्हणते. आणि सरकारनं तो शब्दच काढून टाकला होता."

"तुझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण हेच आहे बघ."

तिनं आजीचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं. थोडं ऐकवलं. म्हाताऱ्या आवाजात, माणदेशी बोलीत, कामावर किती बायका होत्या, मुकादम हजेरी कशी घ्यायचा, लहान पोरांना झाडाखाली कुठं निजवायचे. मधूनच कोंबड्याचा आवाज. मी तिला म्हणालो, हे फोनमध्ये ठेवू नकोस. फोन पडतो, हरवतो, जुना होतो. एक प्रत ग्रंथालयाला दे, आजींची संमती लेखी घे, तारीख आणि गावाचं नाव घाल. मी त्याला दाखल क्रमांक देतो. रोजगार हमीचं बीज वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यात लावलं, 1977 मध्ये विधिमंडळानं कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. हे सगळं पुस्तकांत आहे. खडीवर बसलेल्या बाईनं पोर कुठं निजवलं हे कोणत्याही मॅन्युअलमध्ये नाही, आणि ते तिच्या फोनमध्ये होतं.

मी खण आत ढकलला. मला वाटलं, वाद संपला. माझं म्हणणं सिद्ध झालं. शब्द ग्रंथालयानं दिला.

तेव्हा तिनं विचारलं, "सर, हे कार्ड मला एसटीत कसं दिसणार होतं?"

"म्हणजे?"

"आपल्या ओपॅकवर मी फॅमिन टाकलं तर 'हेही पाहा' येतं का?"

येत नाही. ते का येत नाही हे मला चांगलं माहीत होतं, कारण ते काम माझ्याच हातून झालेलं आहे. संगणकीकरणाच्या वेळी विद्यापीठाच्या समितीची भेट तोंडावर होती. मदतीला दोन मुलं, आणि तीस हजारांवर पुस्तकं. आम्ही शीर्षक भरलं, लेखक भरला, दाखल क्रमांक आणि किंमत भरली. विषयशीर्षकं 'नंतर बघू' म्हणून सोडली. 'हेही पाहा'ची कार्डं तर कुठल्याच पुस्तकाची नव्हती, त्यांना दाखल क्रमांक नव्हता, त्यामुळे ती भरण्याचा प्रश्नच कोणाला पडला नाही. आज आम्ही कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरतो. त्यात या जोडण्यांसाठी ऑथॉरिटी रेकॉर्डची सोय आहे. एका शब्दावरून दुसऱ्यावर नेणारी ती खूण तिथं एकदा भरली की कोणाच्याही फोनवर दिसते. ती सोय आम्ही आजवर उघडलेली नाही. आमच्या आधीच्या माणसानं वीस-पंचवीस वर्षं बसून जे जाणतेपण सळईत ओवलं, ते आम्ही मागच्या खोलीत ठेवलं आणि वाचकाला म्हणालो, फोनवर काही मिळत नाही.

आमच्यासारखी कित्येक ग्रंथालयं आहेत. संगणकीकरणाची टक्केवारी शंभर लागते आणि जुन्या कॅटलॉगमधला सर्वांत शहाणा भाग तेवढा मागं राहतो. फोनवरून शोधणाऱ्याला आम्ही उथळ म्हणतो. त्याच्यासाठी खोलीकडे जायची पायरी बांधणं हे आमचं काम होतं.

तिनं एवढ्यावर सोडलं असतं तरी चाललं असतं. पण आणखी एक होतं.

"सर, दोन वर्षं मी बहुतेक लेखांचे फक्त गोषवारे वाचलेत. पूर्ण लेखावर बोट टेकवलं की डॉलरमध्ये किंमत येते. लेखकांना ईमेल करते, काही जण पाठवतात. शिकवते त्या कॉलेजात वाय-फायवर काही उघडतं, बाहेर पडलं की बंद."

यामागचं कारण साधं आहे. प्रकाशकाचं संकेतस्थळ माणसाला ओळखत नाही, कॉलेजच्या इंटरनेटचा पत्ता ओळखतं. आवाराच्या बाहेर मोबाइल डेटावर तोच फोन परका होतो. त्यासाठीच कॉलेजांना ई-नियतकालिकं देणाऱ्या एन-लिस्टसारख्या योजनेत प्रत्येक वाचकाला स्वतःचा लॉगिन मिळतो, घरातून, एसटीतून, कुठूनही उघडायला. मी तिला म्हणालो, "एन-लिस्टचा पासवर्ड वापर की."

"मला नाही दिलेला."

"का?"

"विचारलं होतं. म्हणाले, यादी कायम प्राध्यापकांची आणि विद्यार्थ्यांची असते. तासिकावाल्यांची नेमणूक दर वर्षी संपते, म्हणून नावं घालत नाही."

ते कॉलेज कोणतं हे सांगण्याची गरज नाही. कारण हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर माझीच एक्सेल शीट होती. दर वर्षी मीच ती भरतो आणि पाठवतो. कायम प्राध्यापक, विद्यार्थी, कार्यालयीन कर्मचारी. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांची नावं त्यात नव्हती. कोणी घालू नका म्हणून सांगितलेलं नव्हतं. मला ती सुचलीच नव्हती.

देशात आज लेख वाचकापर्यंत पोचवण्याच्या कामावर मोठा पैसा खर्च होतो आहे. 25 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, जवळपास 13,000 नियतकालिकं, 6,300 हून अधिक सरकारी संस्था. 1 जानेवारी 2025 पासून ते सुरू झालं. मला हे काम मनापासून आवडतं. शंभरेक वर्षांपूर्वी सयाजीराव महाराजांच्या बडोदा संस्थानात पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरत, तेव्हाही हेतू हाच होता, की पुस्तक वाचकाकडे जावं. पण पेटी गावात पोचली तरी ती उघडून कोणाला पुस्तक द्यायचं हे गावातला कोणीतरी माणूस ठरवायचा. आजही योजना कितीही हजार कोटींची असो, वाचकाचं नाव यादीत घालणारा हात कुठल्या तरी ग्रंथालयात बसलेला असतो. आमच्या कॉलेजात तो माझा आहे.

तिची शेवटची एसटी साडेपाचची होती. जाताना मी तिला 'पार्च्ड अर्थ' पुन्हा दिलं. मागच्या खेपेला तिनं ते विद्यार्थिनीसारखं घाईत वाचलं होतं, आता सुब्रमण्यन यांचे शब्द टिपत वाच म्हणालो. शीर्षकात फॅमिन नाही, स्केअर्सिटीही नाही. पुस्तकानं तिसराच शब्द घेतला आहे, ड्रॉट. तिनं तो शब्दही फोनमध्ये नोंदवला. मग दारात थांबून म्हणाली, "सर, अशा शब्दांसाठी तुम्हाला व्हॉट्सॲप केलं तर चालेल का? रात्री?"

"कधीही कर."

त्यानंतर रोज दुपारी मी आणि ग्रंथालय परिचर मिळून कार्डांचा एक खण उघडतो. 'हेही पाहा'ची कार्डं वेगळी काढतो आणि कोहात भरतो. 'ए' ते 'एम' झालं आहे. फॅमिन टाकलं की आता स्केअर्सिटी दिसतं, आणि आम्ही त्यात ड्रॉट, दुष्काळ, टंचाई, रोहयो आणि दुष्काळी कामं हेही जोडलं आहे. ते शब्द जुन्या कार्डावर नव्हते. त्यातले दोन तिच्या आजीचे आहेत.

तुम्ही कुठल्याही कॉलेजात शिकत किंवा शिकवत असाल, एका तासाला का होईना, तर आपल्या ग्रंथपालाकडे जाऊन वाचकांच्या यादीत आपलं नाव आहे का ते विचारा. नसेल तर घालायला लावा. आणि तुम्ही ग्रंथपाल असाल तर कोणी विचारण्याची वाट बघू नका. आमच्या यंदाच्या यादीत तासिका तत्त्वावरच्या सगळ्या शिक्षकांची नावं आहेत.